यंत्राचा जामीन कोण?

मागच्या लग्नसराईत जळगावातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागतासाठी यजमानांनी एक रोबो भाड्याने आणून उभा केला होता. दहा-बारा वर्षांच्या मुलाएवढी उंची, पांढरे चकचकीत अंग, डोक्यावर फेटा, डोळ्यांच्या जागी उघडझाप करणारे दोन निळे दिवे आणि छातीवर पाटीएवढा पडदा. पाहुणा समोर आला की तो हात जुळवल्यासारखे करी आणि गोड बायकी आवाजात ‘या, आपले स्वागत आहे’ असे म्हणे. पहिल्या पंगतीला अवकाश असल्यामुळे मी जवळच्या खुर्चीवर बसून अर्धा-पाऊण तास हा प्रकार पाहत होतो. धोतर-टोपीतल्या एका आबांनी त्याला वाकून उलट नमस्कार केला आणि ‘आम्ही एरंडोलकडचे’ अशी ओळखही सांगितली. हळदी-कुंकवाचे ताट घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी त्याच्या पांढऱ्या कपाळालाही कुंकवाचे बोट टेकवले. चार-पाच पोरांनी त्याची वाट अडवून धरली, फेटा ओढला, एकाने टपलीही मारली. आणि स्वागत झाले की तो प्रत्येकाला सांगे, ‘आपला फोटो पाठवण्यासाठी मोबाइल नंबर द्या.’ लोक पडद्यावर बोट टेकवून नंबर देत. गाड्या लावून देणाऱ्या पोराने थोड्याच वेळापूर्वी नंबर मागितला, तेव्हा ‘कशाला पाहिजे रे तुला?’ म्हणून त्याला झापणारे गृहस्थही त्यांत होते. फोटो काही जणांना आले. प्लॉटविक्रीचे आणि कर्जाचे फोन मात्र पुढचा पंधरवडाभर बहुतेकांना येत राहिले. मलाही आले, कारण नंबर मीही दिला होता.

कारखान्यात वेल्डिंग करणारा लोखंडी हातही रोबोच असतो, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे तो बिघडणार नाही एवढेच धरून चालायचे. माणसांत वावरण्यासाठी, त्यांच्याकडे बघण्यासाठी आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी जो मुद्दाम घडवलेला असतो, त्याला सामाजिक रोबो म्हणतात. आपल्या देशात त्याचे एक गाजलेले दर्शन नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादच्या जागतिक उद्योजकता परिषदेत झाले. बंगळुरूत तयार झालेल्या ‘मित्र’ नावाच्या रोबोने तेथे पंतप्रधानांचे आणि इव्हांका ट्रम्प यांचे स्वागत केले होते. तेव्हापासून लोक अशा यंत्रांवर विश्वास ठेवतील काय, हा प्रश्न चर्चांतून वारंवार विचारला जातो. मला तो प्रश्नच उलटा वाटतो. विश्वास बसायला वेळ लागत नाही. अडचण ही आहे की तो यंत्राच्या कर्तबगारीवर बसत नाही, त्याच्या तोंडवळ्यावर आणि बोलण्यावर बसतो. आणि ज्याच्या पदरात तो पडतो, तो यंत्राचा मालक दारात कुठेही उभा नसतो.

आमच्या त्या आबांना कोणी खेडवळ म्हणून हसू नये. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी. समोरच्याने टंकलेखित केलेले वाक्य फिरवून त्याचाच प्रश्न करायचा, आणि काही सुचले नाही तर ‘आणखी सांगा’ म्हणायचे, एवढीच त्याची अक्कल होती. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी हा कार्यक्रम तयार होताना कित्येक महिने डोळ्यांनी पाहिला होता; तरीही त्याच्याशी चार वाक्ये बोलून झाल्यावर त्यांनी प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जायला सांगितले, कारण त्यांना मनातले बोलायचे होते. वायझेनबाउम यांना याचा एवढा धक्का बसला की पुढचे आयुष्य त्यांनी संगणकाच्या अतिरेकी प्रतिष्ठेविरुद्ध लिहिण्यात घालवले. या गोष्टीत चेहरा नाही, आवाज नाही, फेटा तर नाहीच. नुसती कागदावर उमटणारी अक्षरे आहेत.

पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्हज यांनी याच स्वभावाचा पद्धतशीर अभ्यास केला. एका संगणकावर काम केल्यानंतर ‘हा संगणक कसा वाटला?’ असे त्याच संगणकाने विचारले, तर लोक जास्त चांगले गुण देत. तोच प्रश्न शेजारच्या संगणकाने विचारला, तर जरा खरे बोलत. तोंडावर वाईट कसे बोलायचे, ही भीड ते एका पेटीशीही पाळत होते, आणि आपण असे काही केले हे मात्र साफ नाकारत होते. याचा अर्थ मी असा घेतो की जो बोलतो त्याला माणूस मानायचे, ही सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. ती मूर्खपणाची खूण नव्हे. हजारो पिढ्यांच्या अनुभवात बोलणारा प्रत्येक जण माणूसच निघाला, म्हणून ती पडली.

भीड आणि सौजन्य इथवर ठीक आहे. पुढचे प्रयोग मात्र झोप उडवणारे आहेत. जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये एका रोबोला लोकांना खोलीपर्यंत वाट दाखवायला लावले. काही जणांच्या वेळी तो मुद्दाम चुकवला. भलत्याच खोलीत शिरून तो गोल गोल फिरला. थोड्याच वेळात इमारतीत धूर सोडून आगीची घंटा वाजवण्यात आली. त्या वेळी २६ पैकी २६ जण रोबोने दाखवलेल्या दिशेनेच गेले. ज्या दाराने ते आत आले होते आणि ज्याच्यावर बाहेर पडण्याची पाटी होती, ते दार त्यांनी सोडले. ज्यांनी रोबोची चूक नुकतीच पाहिली होती तेही त्याने दाखवलेल्या दिशेनेच गेले. इंग्लंडमधील हर्टफर्डशर विद्यापीठाच्या २०१५च्या प्रयोगात घरकाम करणाऱ्या एका रोबोने पाहुण्यांना न फोडलेली पत्रे कचऱ्यात टाकायला आणि संत्र्याचा रस कुंडीत ओतायला सांगितले. चुका करणारा रोबो आपल्याला कमी विश्वासू वाटला, असे लोकांनी नंतर लिहून दिले. पण त्याने सांगितलेले काम बहुतेकांनी केले ते केलेच. तोंडाने अविश्वास आणि हाताने आज्ञापालन, असा हा मामला आहे. तिसरा प्रयोग जर्मनीतला, २०१८चा. काम संपल्यावर रोबोचे बटन बंद करायचे होते, तेव्हा तो ‘नको, मला अंधाराची भीती वाटते’ अशा अर्थाचे बोलून गयावया करू लागला. ज्या ४३ जणांसमोर त्याने ही विनवणी केली त्यांतल्या १३ जणांनी त्याला बंद केलेच नाही, आणि उरलेल्यांचाही हात बराच वेळ अडखळला. विनवणीचे ते वाक्य रोबोला कोणी तरी लिहून दिलेले होते. उद्या तेच वाक्य एखाद्या कंपनीचा विक्री विभाग लिहून देईल, तेव्हा ते कशाविषयी असेल, याची कल्पना करायला फार डोके लागत नाही.

यावर एक सोपे उत्तर सुचवले जाते, ते असे की यंत्राला चेहराच देऊ नये. मला ते पटत नाही, आणि खानदेशात वाढलेल्या कोणालाही ते सहज पटू नये. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे-नाक लावायचे, नथ घालायची, साडी-दागिने चढवायचे, सुरत-पुण्याला गेलेले भाऊबंद एका छताखाली आणायचे, रोटांचा स्वयंपाक करायचा, रात्रभर जागरण करायचे आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप द्यायचा. त्या रात्री कानबाईशी बोलणाऱ्या, तिच्यापुढे घरची गाऱ्हाणी मांडणाऱ्या बायकांना ती नारळाची आहे हे माहीत नसते काय? तो नारळ त्यांनीच बाजारातून निवडून आणलेला असतो. वस्तूला चेहरा देणे, तिच्यात जीव कल्पिणे, तिच्यापुढे मन मोकळे करणे आणि नंतर ती पाण्यात सोडणे, ही सगळी विद्या आपल्याला येते. म्हणून मावशींनी रोबोला कुंकू लावले याचे मला हसू आले नाही. जपानातही हीच विद्या दिसते. सोनी कंपनीने १९९९ मध्ये आणलेला ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा २००६ मध्ये बनवणे थांबवले आणि २०१४ मध्ये त्याची दुरुस्तीही बंद केली, तेव्हा चिबा प्रांतातील इसुमी येथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी होऊ लागले. आणि विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी कुत्र्यांना बसवले गेले.

फरक आहे तो विसर्जन कोणाच्या हाती आहे, यात. कानबाईला निरोप कधी द्यायचा हे घर ठरवते. अमेरिकेत लोकवर्गणीतून उभारलेला ‘जिबो’ हा घरगुती रोबो २०१७ मध्ये लोकांच्या घरी पोहोचला आणि २०१९ मध्ये कंपनीचे दूरस्थ संगणक बंद होणार म्हणून त्याने स्वतःच घरच्यांना निरोपाचे चार शब्द ऐकवले. ‘मॉक्सी’ हा तर लहान मुलांचा सोबती म्हणून ७९९ डॉलरना विकलेला रोबो. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि पालकांवर वेळ आली ती पाच-सात वर्षांच्या लेकराला त्याचा मित्र आता का बोलणार नाही हे समजावून सांगण्याची. या मुलाच्या मनातला विश्वास खरा होता. ज्याच्यावर तो ठेवला ती वस्तू घरात होती, पण तिचा प्राण परक्याच्या संगणकात होता, आणि घरातल्या कोणालाही हे नीट सांगितलेले नव्हते.

माणसावर विश्वास ठेवण्याची आपली रीत काय आहे, हे सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन पाहावे. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत घोडे विकायला येतात. देखण्या घोड्यावर कोणी नुसत्या देखणेपणासाठी पैसे टाकत नाही. खरीददार त्याचे दात बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, त्याला चालवून, पळवून बघतो. आणि एवढे करूनही व्यवहार ठरतो तो ओळखीच्या माणसाने मध्ये पडल्यावर. घोडा महिन्याने लंगडा निघाला तर घोड्याला कोणी जाब विचारत नाही. मध्ये पडलेल्याला विचारतात. आपला विश्वास असा दोन पायांवर उभा असतो: एक पाय पारखीचा आणि दुसरा जामिनाचा. कापसाचे बियाणे घेताना शेतकरी पावती जपून ठेवतो ती याच कारणाने. बोलणारे यंत्र हे दोन्ही पाय एकदम काढून घेते. त्याची पारख करायला आपल्याला दात दिसत नाहीत, आणि जामीन म्हणून कोणी मध्ये पडलेले नसते.

माझ्या एका मित्राने यावर रास्त आक्षेप घेतला. तो म्हणाला, जामिनाचे कौतुक तू कोणाला सांगतोस? आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी बुडाल्या त्या लोकांनी ओळखीवरच ठेवल्या होत्या. संचालक गावचे, नात्यातले, लग्नात मांडीला मांडी लावून जेवलेले. ओळखीनेच तर घात केला. हा मुद्दा मला टाळता येत नाही, कारण माझ्या घरातल्याही ठेवी अशाच अडकल्या होत्या. पण त्याच प्रकरणात दुसरीही बाजू दिसली. ठेवीदारांना कोणाच्या दारात जाऊन बसायचे हे माहीत होते. मोर्चे निघाले, गुन्हे दाखल झाले, जप्त्या झाल्या. पैसे सगळे परत आले असे मी म्हणणार नाही, पण हात घालायला गळपट्टा होता. मंगल कार्यालयातल्या रोबोला दिलेल्या माझ्या नंबरचे काय झाले हे विचारायला मी गेलो, तेव्हा यजमानांनी भाडेवाल्याकडे बोट दाखवले, भाडेवाल्याने रोबो पुरवणाऱ्या कंपनीकडे, आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन उचलला तो पुन्हा एका गोड बायकी आवाजाच्या यंत्राने.

या प्रश्नाला खानदेशात आणखी एक कंगोरा आहे, तो भाषेचा. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांहून अधिक लोक होते, आणि त्यांतले बहुसंख्य अहिराणी बोलणारे. आज बँकेचे किंवा वीज कंपनीचे यंत्र बोलते ते प्रमाण मराठीत किंवा हिंदीत, आणि त्या आवाजाला आमच्या जिजी कचेरीतला आवाज समजून जरा लांबच राहतात. हे अंतर त्यांचे एक प्रकारे रक्षण करते. ज्या दिवशी ते यंत्र ‘कसं काय शे माय, जेवन व्हयनं का?’ असे विचारील, त्या दिवशी जिजी त्याला चहा विचारतील. निवडणुकीत उमेदवार सभेची पहिली दोन वाक्ये अहिराणीत का बोलतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. अहिराणी बोलणारी यंत्रे येऊ नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. उलट सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर साक्री किंवा शिंदखेड्याकडच्या बाईला तिच्या बोलीत कोणत्या खोलीत जायचे हे सांगणारे यंत्र मिळाले, तर तिची अर्धी पायपीट वाचेल. पण घरच्या बोलीत बोलणाऱ्याला जो विश्वास फुकट मिळतो, त्याच्या मानाने त्याच्यावरचे बंधनही वाढले पाहिजे.

लहान मुलांविषयी मी याहून कडक आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली होती. एकटी असताना त्यांची ८७ टक्के उत्तरे बरोबर आली. शेजारी बसलेले छोटे रोबो एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागल्यावर ते प्रमाण ७५ टक्क्यांवर आले, आणि मुलांच्या चुकलेल्या उत्तरांपैकी ७४ टक्के उत्तरे रोबोंच्या उत्तरांशी हुबेहूब जुळत होती. मोठी माणसे त्याच रोबोंपुढे बधली नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींची जागा रिकामी आहे म्हणून तेथे बोलणारे यंत्र बसवावे, अशी सूचना कधी ना कधी येणारच. तेव्हा हे आकडे ज्याने त्याने समोर ठेवावेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. कायदा चांगला आहे. पण अंगठा कशावर उमटवला हे पालकाला कळले तरच त्या संमतीला संमती म्हणता येईल.

म्हाताऱ्या माणसांबाबत मात्र माझे मन इतके पक्के होत नाही. आमच्या गावात संध्याकाळी ज्या घरांत दिवा लागतो त्यांतल्या निम्म्या घरांत आता एकटी-दुकटी म्हातारी माणसे आहेत. मुले पुण्याला, सुरतेला, नाशिकला. त्यांना कोणी बोलायला हवे आहे, आणि ‘माणसानेच बोलावे’ असे सांगणारे आपण स्वतः महिन्यातून किती वेळा जातो? जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी तयार केलेले ‘पारो’ हे सीलच्या पिलासारखे मऊ यंत्र स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर दिले जाते. कुरवाळले की ते हलते, डोळे मिटते, पिलासारखे ओरडते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही दिली. शिबातांनी मांजर किंवा कुत्रा न निवडता सील निवडला, कारण सील कोणी घरात पाळलेला नसतो आणि त्यामुळे खऱ्याशी तुलना होऊन निराशा होत नाही. मला त्याची दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पारो बोलत नाही. जे बोलत नाही ते वचन देत नाही, सल्ला देत नाही, नंबर मागत नाही. त्याच्यावर ठेवलेला विश्वास त्याच्या अंगाबाहेर जात नाही.

म्हणून सार्वजनिक जागेत बोलणारे यंत्र बसवायचे असेल, तर ज्याने ते बसवले त्याचे नाव आणि फोन यंत्राच्या अंगावर मराठीत ठळक लिहिलेला असावा, आणि तो फोन माणसाने उचलावा. मी यंत्र आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगावे. समोर यंत्र आहे हे उघड दिसत नसेल तेथे ते माणसाला कळवणे, एवढे तरी युरोपीय संघाच्या २०२४च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने बंधनकारक केले आहे. स्वागताला उभे असेल तर स्वागत करावे, त्या आडून माहिती गोळा करू नये. आपल्याला उमजले नाही तर गोड बोलून वेळ काढण्यापेक्षा त्याने समोरच्याला शेजारच्या खिडकीतल्या माणसाकडे पाठवावे, आणि त्या खिडकीत माणूस असावा. यातली शेवटची अट खर्चिक आहे, हे मला कळते. माणसाचा पगार वाचावा म्हणूनच यंत्र आणलेले असते, त्यामुळे विरोधही याच अटीला होणार, आणि आग्रह धरायचा तर याच अटीचा धरायला हवा.

यंदा पाचोऱ्याला चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. दारात रोबो हवाच, असा मुलीचा हट्ट होता. भावाने भाडेवाल्याला फोन करून नंबर कुठे जातात हे विचारले, तेव्हा ‘सिस्टीममध्ये जातात, भाऊ’ एवढेच उत्तर मिळाले. शेवटी रोबो आला, फेटाही आला. मात्र त्याच्या छातीवरचा पडदा झेंडूच्या माळांनी झाकला होता, आणि शेजारी टेबल टाकून भाचा वही घेऊन बसला होता. ज्याला फोटो हवा तो त्याच्याकडे नंबर लिहून देत होता. वरण-बट्टीची पंगत उठल्यावर मी ती वही चाळली, तर पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी, भाच्याने स्वतःचे नाव आणि नंबर लिहून ठेवला होता.